पावसातली सावकाश गाडी

माझे बाबा गाडी उशिरा आली म्हणून कधी चिडले नाहीत. वैभववाडी रोड स्टेशनच्या बाकांवर बसलेले चाकरमानी घड्याळ बघून रेल्वेच्या नावाने बोटं मोडत, तेव्हा बाबा शेजारच्याला एवढंच म्हणत, "येतली रे. सावकाश येऊं दे." त्यामागे २००३च्या जूनमधली एक रात्र होती, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

रेल्वेची वाट त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. लालबागच्या गिरणीत असताना गावी यायचं म्हणजे रात्रभर एसटी, पहाटे तळेऱ्याला उतरायचं आणि मिळेल त्या गाडीने वैभववाडी गाठायची. आजी गेल्याची तार हातात पडली तशी त्यांनी पहिली एसटी धरली, पण ते पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. हे त्यांनी कुणाला माफ केलं नाही, स्वतःलाही नाही. बॅ. नाथ पै यांनी कोकणच्या रेल्वेसाठी संसदेत आवाज उठवला, मधू दंडवत्यांनी तो विषय सोडला नाही, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाल्यावर १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. यातल्या प्रत्येक बातमीचं कात्रण बाबांच्या ट्रंकेत होतं. हा मार्ग उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांचं नाव ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेत. ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ करायला लावलेले. २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग खुला झाला. मुंबईहून येताना सिंधुदुर्गात पहिला पाय पडायचा तो वैभववाडीला. खारेपाटण रोड स्टेशन बरंच नंतरचं. गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारी माणसंही वैभववाडीला उतरू लागली. फलाटाबाहेर रिक्षा लागल्या, चहाच्या टपऱ्या आल्या.

मग २२ जून २००३. रविवार होता. कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी, आत शाळा सुरू झाल्या म्हणून परतणारी कुटुंबं. बाहेर धो धो पाऊस. वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी कटिंगमध्ये दरड कोसळली होती. इंजिन त्या दगडांवर आदळलं आणि पुढचे डबे रुळांवरून उतरले. ५१ माणसं गेली.

बाबा त्या रात्री इतर गाववाल्यांबरोबर बॅटरी आणि घोंगडी घेऊन गेले. आमच्याकडच्या कटिंगा खोल. दोन्ही बाजूंनी डोंगर उभा कापलेला, मध्ये रूळ. तिथे जायला रस्ता नव्हता, चिखलातून उतरायचं होतं, आणि वरून पाणी थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले, न्हाणीघरात बराच वेळ बसले आणि जेवायला नको म्हणाले. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी आईला म्हणाले, एका डब्यात आंब्याची पेटी शाबूत होती. वर मुंबईचा पत्ता लिहिलेला. त्यानंतर आमच्या घरून मुंबईला आंबे पाठवताना पेटीवर पत्ता कधी बाबांनी घातला नाही. ते काम माझ्याकडे आलं.

त्यांच्या रेल्वेने माणसं मारली, असं त्यांना वाटत होतं का? मला तसं वाटत नाही. पण ज्या गाडीची इतकी वर्षं वाट पाहिली तिच्याबद्दलचा निर्धास्तपणा त्या रात्री संपला. ट्रंकेत नवं कात्रण पुन्हा पडलं नाही.

वर्षभरातच, १६ जून २००४ला, आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. पुन्हा दरडीचेच दगड. मग मात्र डोंगराकडे बघण्याची रीत बदलली. कटिंगांचे उतार मोडून सौम्य केले गेले, सुट्या कातळावर लोखंडी जाळ्या बसल्या, भिंती बांधल्या, धोक्याच्या जागी वॉचमन दिवसरात्र उभे राहू लागले, रुळांवरून गस्त वाढली. जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहे. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरची माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळाला धरून राहत नाही. डोंगर कापला त्याच दिवशी ही राखण आपल्यावर आली.

आता स्टेशन पुष्कळ बदललंय. २०२२मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि डिझेलचा धूर गेला. कोकणकन्या, मांडवी, तुतारी थांबतात. दिवा–सावंतवाडी अजूनही गरिबाची गाडी आहे. २०१६च्या अर्थसंकल्पात कोल्हापूर–वैभववाडी मार्गाला मंजुरी मिळाली तेव्हा बाबा हयात असते तर ट्रंक नक्की उघडली असती. त्या मार्गाचे रूळ अजून पडायचे आहेत. ते पडतील तेव्हा सह्याद्रीचा आणखी डोंगर कापावा लागेल. तेव्हा कापण्याच्या खर्चासोबत राखण्याचा खर्चही पहिल्या दिवसापासून धरावा, एवढं त्या आखणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

गाड्या सावकाश चालवण्याचं पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. कामं पक्की झाल्यामुळे मुदत आटली असेल तर आनंदच आहे. पण वेग वाढवा म्हणून निवेदनं देणाऱ्या आपल्या प्रवासी संघटनांनी आणखी एक मागणी त्याच कागदावर लिहावी: रात्रीच्या पावसात बत्ती घेऊन रुळांवरून चालणाऱ्या ट्रॅकमनांची आणि कटिंगमध्ये उभ्या राहणाऱ्या वॉचमनांची संख्या कमी करू नका, त्यांना निवारा, चांगला रेनकोट आणि वेळेवर पगार द्या. आणि तुम्ही गणपतीला गावी येताना गाडी मध्येच कुठे कटिंगच्या अलीकडे उभी राहिली, तर फोनवर घरच्यांना उशीर होईल म्हणून कळवा, पण चालकाला बोल लावू नका.