कागदाचे फूल

दिवाळीत अनारशावर जी खसखस लावतात, तिच्याच कुळातील एक रानफूल युरोपात शेतांच्या बांधांवर उगवते. त्यास पॉपी म्हणतात. चार तांबड्या पाकळ्या आणि मध्यभागी काळसर गाभा, एवढेच त्याचे रूप. सुवास नाही आणि टिकाऊपणाही नाही. तोडून हाती घेतले, तर घरी पोहोचेपर्यंत पाकळ्या गळून जातात. परंतु ह्या नाजूक फुलाचा एक गुण मोठा विलक्षण आहे. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते, आणि कोणी माती उकरली म्हणजे मग जागे होते.

१९१४ ते १९१८ ह्या काळात पहिले महायुद्ध झाले. बेल्जममधील फ्लँडर्स प्रांताची भूमी तोफगोळ्यांनी अशी उकरली गेली, की कोणत्याही नांगराने ती तशी उकरली नसती. झाडे जळाली, गावे मोडली, आणि त्या उजाड मातीत, नव्या थडग्यांच्या अवतीभवती, तांबडी फुले डोलू लागली. १९१५ च्या मे महिन्यात जॉन मॅक्रे नावाच्या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने आपल्या मित्रास मूठमाती दिली, आणि त्या फुलांवर एक लहानशी कविता लिहिली. ती वाचून मोइना मायकेल ह्या अमेरिकन शिक्षिकेने १९१८ साली हे फूल स्मरणचिन्ह म्हणून धारण केले. पुढे ॲना गेरँ ह्या फ्रेंच बाईंनी कापडाची फुले करवून, युद्धाने पोरक्या झालेल्या मुलांसाठी ती विकण्याची कल्पना देशोदेशी नेली.

मेलेल्यांचे स्मरण अशा रीतीने सुरू झाले. पण जे जिवंत परतले, त्यांचे काय?

ब्रिटनमध्ये सुमारे ६० लाख माणसे ह्या युद्धात सेनेत दाखल झाली होती. परत आलेल्यांत कोणाचा हात गेला होता, कोणाचा पाय. कोणाची दृष्टी गेली होती, तर कोणाची छाती विषारी वायूने पोखरली होती. रणांगणावर त्यांना वीर म्हटले गेले. गावी आल्यावर मात्र काम मिळेना. १९२१ साली त्या देशात सुमारे २० लाख लोक बेकार होते. ज्यांनी खंदकांत दिवस काढले, ते रस्त्याच्या कडेला काड्याच्या पेट्या विकीत उभे राहू लागले. त्या मंदीच्या वर्षांत एका स्मृतिदिनी बेकार सैनिकांची मिरवणूक निघाली, तेव्हा कित्येकांनी छातीवर पदकाशेजारी गहाणाची चिठ्ठी टाचली होती. घरातील वस्तू सावकाराकडे गेली होती, आणि पदक तेवढे उरले होते!

लंडनमध्ये मृत सैनिकांचे एक स्मारक आहे. त्याचे नाव सेनोटाफ, म्हणजे रिकामी समाधी. १९१९ पासून दर ११ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता, सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राही. ती शांतता खरी होती आणि त्या डोळ्यांतील अश्रूही खरे होते. परंतु दोन मिनिटे संपली, की तीच माणसे काड्याच्या पेट्या विकणाऱ्या सैनिकावरून सरळ पुढे निघून जात. मेलेल्यास मान आणि जगलेल्यास उपेक्षा, असा हा प्रकार होता.

ही विसंगती सैनिकांनीच ओळखली. लँकशायरचे टॉम लिस्टर हे युद्धात साधे सैनिक म्हणून लढले होते. सरकार करीत नसेल, तर आपले आपण करावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. त्या वेळी माजी सैनिकांच्या चार निरनिराळ्या संघटना होत्या, आणि त्यांच्यात आपसांत स्पर्धाही होती. १५ मे १९२१ रोजी, त्याच रिकाम्या समाधीपाशी, त्या एक झाल्या. ब्रिटिश लीजन ह्या संस्थेचा हा जन्म होय. अध्यक्षपद सेनापती हेग ह्यांस मिळाले, तर कार्यकारी मंडळाचे प्रमुखपद लिस्टर ह्यांस. ज्याने हुकूम सोडले तो आणि ज्याने ते पाळले तो, दोघेही एका बैठकीत बसले. गावोगावी शाखा निघाल्या. निवृत्तिवेतनाचा अर्ज कसा करावा हे न कळणाऱ्या सैनिकास शाखेतील सोबती मदत करू लागला. क्षयाने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी केंट परगण्यात वसाहत चालविली गेली.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला लीजनने पहिला पॉपी दिन पाळला. सुमारे ९० लाख फुले हातोहात खपली आणि १,०६,००० पौंड जमले. परंतु ह्या फुलाची खरी थोरवी पुढच्या वर्षी दिसली. १९२२ साली मेजर जॉर्ज हाउसन ह्यांनी लंडनमध्ये एक लहानसा कारखाना काढला. त्यात कामगार होते अवघे पाच, आणि पाचही अपंग सैनिक. फुलाची घडणच अशी ठरविली, की ज्याचा एक हात निकामी झाला आहे, त्यालाही ते जोडता यावे. काही वर्षांतच तेथे तीनशेहून अधिक अपंग सैनिक काम करू लागले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या सैनिकास नुसते पैसे देता आले नसते काय? देता आले असते. पण दान घेताना मान खाली जाते, आणि मजुरी घेताना ती ताठ राहते. रस्त्यावरून जाणारा माणूस फूल घेई, तेव्हा तो मृताचे स्मरण करी. आणि त्याच पैशाने जिवंत माणसाच्या घरची चूल पेटे. स्मरण आणि साहाय्य ही दोन कामे निराळी नाहीत, हे त्या एका कागदी फुलाने साऱ्या देशास शिकविले.

हे फूल भारतातही विकले जाई. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले होते, आणि सुमारे ७४,००० परत आलेच नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या होत्या. परंतु येथे ११ नोव्हेंबरला जमणारा पैसा ब्रिटिश आणि भारतीय अशा दोन्ही माजी सैनिकांवर, त्या वेळच्या सरकारच्या मर्जीप्रमाणे, खर्च होई. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ च्या जुलैत, मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीने ठरविले, की आपल्या सैनिकांसाठी आपला स्वतंत्र दिवस असावा. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन झाला. तांबड्या फुलाच्या जागी चिमुकला कागदी ध्वज आला. त्यातील लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे रंग भूदल, नौदल व वायुदल ह्यांची खूण आहेत.

कामाचा मार्ग मात्र तोच राहिला. पुण्याजवळ खडकी येथे, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था अपंग सैनिकांस नवे धंदे शिकविते. १९६४ साली सेनापती करिअप्पा ह्यांच्या पुढाकाराने भारतीय माजी सैनिकांचा राष्ट्रीय संघ, इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग, स्थापन झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सैनिकाच्या विधवेचे निवृत्तिवेतन अडले, मुलाची शाळेची फी थकली, की तेथे दाद मागता येते.

ध्वजदिनी शाळेतील मुले डबा घेऊन घरोघर फिरतात. डब्यात नाणे पडते, ध्वज खिशावर लागतो, आणि संध्याकाळी तो टेबलावर विसरला जातो. तेवढ्यावर सारे संपू नये. बहुतेक गावांत देवळाच्या पारावर एखादा वृद्ध सैनिक बसलेला असतो. त्याला सरकारी कागद नीट वाचता येत नाही. त्याचे ऐकावयास कोणास सवड नसते. डबा घेऊन निघालेल्या मुलाने त्याच्यापाशी घटकाभर बसावे, कागद वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा, आणि मग त्याच्या सोबत्यांची नावे विचारावी.

पॉपीचे बी मातीत वर्षानुवर्षे निजून राहते. म्हाताऱ्या सैनिकाच्या मनातही अशी कितीतरी नावे निजलेली असतात. कोणी प्रेमाने विचारले, म्हणजेच ती जागी होतात.