लेंडीकाठची होडी आणि मोटारीची अश्वशक्ती

१/९
मुखेडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडीच्या पुराने रावणगाव, हसनाळ ही गावे वेढली, तेव्हा माणसांना बाहेर काढण्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि लष्कराला उतरावे लागले. कोरडवाहू तालुक्याला होडीचे मोल त्या रात्री कळले. काहींना ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

२/९
याच लेंडीवर महाराष्ट्र आणि तेलंगण यांचा संयुक्त धरणप्रकल्प आहे. पाणी साठले की मासेमारी आलीच: तलावाचा ठेका, रोहू-कटल्याचे मत्स्यबीज, संध्याकाळी लावून पहाटे उचलायची जाळी. मग प्रश्न उभा राहतो, वल्ह्याच्या होडीला मोटार किती शक्तीची लावावी? ‘जितकी जास्त तितकी बरी’ हे उत्तर इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

३/९
नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपली आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो. होडीच्या मागील फळीला अडकवावी आणि काम संपले की उचलून घरी न्यावी, इतकी ती सुटसुटीत होती.

४/९
शक्तीची मर्यादा मात्र त्याआधीच उमगली होती. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की येथे लांब हौद बांधून नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. नौका स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की त्याच लाटेचा चढ तिला चढावा लागतो.

५/९
सोळा फुटी, खोल बुडाच्या होडीसाठी ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर येते. दोन किलोमीटरवरच्या जाळ्यापर्यंत वल्ह्याने ताशी चार किलोमीटर वेगाने अर्धा तास लागतो. लहान मोटारीने ताशी आठच्या वेगाने पंधरा मिनिटे. दुप्पट शक्तीची मोटार लावली, तरी जेमतेम तीन मिनिटे वाचतात. पेट्रोल मात्र कितीतरी अधिक जळते.

६/९
बचावपथकाच्या हलक्या, सपाट बुडाच्या रबरी बोटीचे गणित वेगळे. पुरेशी शक्ती मिळाली की ती स्वतःची लाट ओलांडून पाण्यावर तरंगत धावते. तीच मोटार मासेमाराच्या जुन्या होडीला लावली, तर मागची फळी खिळखिळी होते आणि वजनाने होडीचा मागचा भाग पाण्यात दबतो.

७/९
केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात लहान होड्यांना रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी लागल्या. सात-आठ अश्वशक्तीपासून सुरू झालेली चढाओढ चाळीसपर्यंत गेली. शेजाऱ्याने मोठी मोटार घेतली की आपल्यालाही घ्यावी लागे. समुद्रातले मासे काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. इंधनाचा खर्च आणि कर्ज मात्र वाढले.

८/९
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष पेटला. त्याच काळात, १९८१ मध्ये, राज्याने सागरी मासेमारी नियमन कायदा केला. शक्ती कोणाकडे किती आणि ती कुठे वापरायची, हा प्रश्न यंत्रशाळेतून विधिमंडळात पोहोचला होता.

९/९
जलाशय तर चहूबाजूंनी बंद. तेथील मासळी सोडलेल्या बीजावर आणि पाण्यावर ठरते, अश्वशक्तीवर नाही. मोटारीने मिळतो तो वेळ आणि वारा सुटल्यावर काठ गाठण्याची निश्चिती. त्यासाठी होडीला पेलेल एवढी लहान मोटार पुरे. उरलेल्या पैशांत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घ्यावे आणि वल्हे होडीतच राहू द्यावे.