मापाचा चेंडू

टेनपिन बोलिंग या खेळात चेंडूला बोटांसाठी भोके पाडण्याआधी खेळणाऱ्याच्या पंजाचे माप घेतात. अंगठा आणि दोन बोटे यांच्यातले अंतर मोजायचे आणि मगच चेंडू कोरायचा, अशी रीत आहे. आमच्या दारव्ह्यात हा खेळ कुणी खेळत नाही. पण ती रीत कळली तेव्हापासून आम्ही क्रिकेटच्या चेंडूकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. तिथे चेंडूचे माप नियमाने ठरते आणि हाताने त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. माप ठरवताना कोणाचा हात डोळ्यांपुढे होता, हे सहसा कुणी विचारत नाही.

पुरुषांच्या सामन्यातला चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. स्त्रियांच्या सामन्यातला १४० ते १५१ ग्रॅमचा, आणि परिघानेही लहान. नियमांच्या पुस्तकात हा भेद केव्हाचाच नोंदलेला आहे. तालुक्याच्या मैदानावर मात्र एकच चेंडू असतो, आणि तो मुलांचा असतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. क्रिकेट आम्हांला कळले ते बरेचसे रेडिओवरच्या मराठी समालोचनातून. आमच्या वर्गातली बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी गेल्या हिवाळ्यात ऑफस्पिन शिकू लागली, म्हणून आम्ही संध्याकाळी मैदानाच्या कडेला थांबू लागलो. ऑफस्पिनमध्ये तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर फाकवून धरावे लागते. चेंडू फिरतो तो मुख्यतः तर्जनीच्या बळाने. तिची बोटे तेवढी फाकत नसत. चेंडू तळहातात रुतून बसे आणि सुटताना न फिरता नुसताच पुढे जाई. 'पोरीच्या हाताले वळणच नाही,' असा निवाडा मैदानाने देऊन टाकला. वास्तविक हेच हात दिवाळीनंतर पहाटे कपाशीच्या वावरात असत; बोंडातला कापूस पात्याचा कण न लागता वेचणाऱ्या बोटांना वळण नाही, असे म्हणणे धाडसाचेच होते.

स्त्रियांच्या मापाचा चेंडू गावात मिळाला नाही. मोठ्या शहरातल्या एका दुकानात मागितला, तेव्हा 'लहान पोरांसाठी पाहिजे का?' असा प्रश्न आला. ती सोबत होती. काही बोलली नाही. चेंडू हातात घेऊन तिने शिवणीवर बोटे ठेवली, मनगट दोनदा फिरवले आणि म्हणाली, 'सर, हा तं माह्या हातात बसते जी!'

त्या दिवसापासून बळींची रास पडली, असे मुळीच झाले नाही. पहिल्या संध्याकाळी निम्मे चेंडू फुलटॉस पडले, काही यष्टिरक्षकाच्याही आवाक्याबाहेर गेले. पण हातातून सुटताना चेंडूचा भिरभिर आवाज येऊ लागला. चुका आता तिच्या होत्या, चेंडूच्या नव्हत्या. आणि स्वतःच्या चुका सुधारता येतात.

योग्य वस्तू वेळेवर हाती येणे हा नशिबाचाच भाग असतो. नागपूरजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिसच्या चेंडूनेच खेळत होता. चामड्याचा चेंडू हाती आल्यावर २००८ साली तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. असा चेंडू ज्यांच्या हाती कधी आलाच नाही, त्यांची नोंद कोणत्याही धावफलकात नाही.

लहान चेंडू म्हणजे सवलत, असे मैदानावर अजूनही म्हटले जाते. पण खेळपट्टी तीच बावीस यार्डांची राहते, यष्ट्या तेवढ्याच राहतात. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तो याच मापाच्या चेंडूने; अंतिम सामन्यात पाच बळी घेणारी दीप्ती शर्मा ऑफस्पिनच टाकते. त्या चेंडूंना हलके म्हणण्याची हिंमत समोरच्या फलंदाजांना झाली असेल, असे वाटत नाही.

भाषेच्या वर्गात हा वाद आपल्या ओळखीचा आहे. बोलीत लिहू दिले की दर्जा उतरतो, ही भीती तिथेही असते. १९६० साली आलेल्या उद्धव शेळके यांच्या 'धग' कादंबरीतली कौतिक वऱ्हाडीत बोलते; त्यामुळे तिच्या दुःखाचे वजन एक गुंजही कमी झालेले नाही. प्रमाणभाषा शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही; ती आमची रोजची भाकरी आहे. पण विद्यार्थ्याच्या उत्तराला 'वळण नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्याच्या हाती काय दिले होते, हे एकदा पाहून घ्यावे.

दारव्ह्याच्या मैदानाची माती खरबरीत आहे. चेंडूची एक बाजू आताच पार खरवडून निघाली आहे, आणि संध्याकाळी आणखी तीन मुली येऊ लागल्या आहेत. चौघींना एक चेंडू पुरत नाही.