कुदियेरो : पायऱ्यांवरचें गांव

स्पेन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तापलेलें माळरान, बैलांच्या झुंजींचे आखाडे आणि दुपारीं दारें लावून निजणारीं शहरें उभीं राहतात. तें स्पेन दक्षिणेचें. उत्तरेस, बिस्केच्या उपसागराच्या कांठीं आस्तुरियास नांवाचा जो प्रांत आहे, तेथें पाऊस बारमाही, डोंगर समुद्राला खेटलेले, आणि कुरणें डोळे निवावे इतकीं हिरवीं. द्राक्षांऐवजीं सफरचंदें पिकत असल्यामुळें येथील लोकांची दारूही सफरचंदाचीच. या प्रांताच्या राजधानींतून, म्हणजे ओव्हिएदोहून, मोटारीनें पश्चिमेकडे निघालें कीं सुमारें तासाभरांत कुदियेरोचा फांटा लागतो.

फांटा लागतो, पण गांव कांहीं दिसत नाहीं. कुदियेरो समुद्रावरूनही दिसत नाहीं आणि जमिनीवरूनही दिसत नाहीं, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. मोटार नव्या बंदराच्या धक्क्यावर ठेवावी, कड्याला वळसा घालून पायीं आंत शिरावें, आणि मग एकाएकीं सारें गांव अंगावर आल्यासारखें होतें. तीन बाजूंस चढ, चौथीकडे पाणी. त्या चढांवर, प्राचीन ग्रीक नाट्यगृहांतील बैठकींच्या रांगांप्रमाणें, घरांवर घरें रचलेलीं. पांढरीं, पिवळीं, गुलाबी, निळीं. खिडक्यांच्या चौकटींचे रंग तर याहूनही भडक. होड्या रंगवून उरलेला रंग घराला लावण्याची जुनी रीत होती, असें याचें कारण सांगतात. रंगमंचाच्या जागीं खालचा लहानसा चौक.

हें सौंदर्य कोणीं योजून केलेलें नाहीं. उत्तरेच्या या समुद्रांतील वादळें कुप्रसिद्ध आहेत; तेव्हां होड्यांना आडोसा हवा, आणि आडोसा आहे तो या अरुंद दरींत. दरींत सपाट जागा मूठभर. म्हणून घरें वर चढलीं. एकाच्या छपरावर दुसऱ्याचा उंबरठा, आणि मधें दोन माणसें जेमतेम चुकवून जातील एवढी वाट. तीही बव्हंशीं पायऱ्यांचीच. कठड्याला धरून वरच्या टेहळणीच्या जागेपर्यंत आम्ही चढलों तेव्हां माझ्या वहिनींनीं मधेंच थांबून विचारलें, "यांच्याकडे कोणी आजारी पडलें तर खालीं कसें नेत असतील?" प्रवासाच्या पुस्तकांतून हा प्रश्न सहसा सुचत नाहीं. पाण्याचा हंडा, सरपण, नवी नवरी, शवपेटी, सारें या पायऱ्यांवरूनच गेलें आहे. गुडघे साथ देईनातसे झाले कीं वरच्या घरांतील म्हातारीला गांवचा चौक परका होतो. आणि रिकामें झालेलें घर उन्हाळ्यापुरतें प्रवाशांस भाड्यानें जातें. संपूर्ण तालुक्याची वस्ती आज सुमारें ५,००० आहे. या बंदरावर त्यांतील थोडींच माणसें.

पूर्वीं होड्या थेट चौकाच्या पायाशीं लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कड्यापलीकडे मोठें बंदर झालें, मासेमारी तिकडे गेली, आणि जुन्या धक्क्यालगत खाणावळींच्या खुर्च्या आल्या. गांव मासळीवर जगलें, पण मासळी आतां गांवाच्या नजरेआड उतरते. जुन्या रीतीची एक खूण मात्र अजून दिसते. एकदोन घरांच्या दर्शनी भिंतीवर, वाळत घातलेल्या धोतरासारखें, कांहीं लांबट लोंबत होतें. तो लहान जातीचा शार्क मासा. सोलून, साफ करून, वाऱ्यावर सुकवितात आणि हिंवाळ्यांत समुद्र खवळला असतां कांद्याबटाट्यांबरोबर शिजवितात. त्यास कुरादियो म्हणतात. कोंकणांत वाढलेल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. मात्र आम्हां शाकाहारी मंडळींचें जेवण पाव, चीज आणि बटाट्यांचें आम्लेट यांवरच उरकलें, व तें खाणावळवाल्या बाईंस फारच केविलवाणें वाटलें!

याच बाईंकडून कळलें कीं बंदरावरच्या लोकांस पिशुएतो म्हणतात. वरच्या शेतकरी वस्तीचे लोक काईसो. पिशुएतोंची बोलीही निराळी. रोजच्या व्यवहारांत ती आतां थोड्या वृद्धांच्याच तोंडीं उरली आहे. पण वर्षांतून एकदां ती सर्व गांवासमोर उभी राहते. २९ जून हा कोळ्यांच्या संताचा, सान पेद्रोचा, दिवस. त्या दिवशीं चौकांत संताच्या मूर्तीपुढें एक जण पिशुएतो बोलींत पद्यमय प्रवचन म्हणतो. तें धर्मोपदेशाचें नव्हे. गेल्या वर्षभरांत गांवांत काय घडलें, कोणाचें काय चुकलें, वरिष्ठांनीं काय केलें नाहीं, याचा थट्टेच्या सुरांतला हिशेब तो संताला ऐकवितो. त्या सोहळ्याचें नांव आमुरावेला. शब्द शिडें आवळण्याच्या नाविकी भाषेंतला. लोक पायऱ्यांवर, गच्च्यांवर, खिडक्यांत बसून ऐकतात. ज्या गांवांत प्रत्येक घरास प्रत्येक घर दिसतें, तेथें असला हिशेब चोरून मांडतां येत नाहीं हें उघडच आहे.

दुसऱ्या दिवशीं जवळच्या एल पितो येथील सेल्गास घराण्याचा वाडा पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आंत गोया व एल ग्रेको यांचीं चित्रें आहेत. श्रीमंतांचे वाडे सर्वत्र सारखेच. त्याहून मन गुंतलें तें कुदियेरोच्याच हद्दींतील सान मार्तिन दे लुइन्या या खेड्याच्या देवळांत.

या डोंगरांत वाकेइरो नांवाचे गुराखी लोक राहतात. हिंवाळा खालच्या वस्त्यांवर काढावयाचा आणि उन्हाळ्यांत गुरें व संसार घेऊन उंच कुरणांवर जावयाचें, हा त्यांचा क्रम. शेतकरी व कोळी त्यांस परक्या रक्ताचे मानीत, त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत, आणि देवळांतही त्यांची जागा मागें. अठराव्या शतकाच्या अखेरीस होवेयानोस या आस्तुरियासच्याच विद्वान मुत्सद्द्यानें हे लोक निराळ्या वंशाचे नाहींत, त्यांचा तिरस्कार निराधार आहे, असें प्रतिपादन केलें. सान मार्तिनच्या देवळाच्या फरशीवर मात्र अक्षरें कोरलेलीं आहेत : उपासना ऐकण्यास आलेल्या वाकेइरोंनीं येथून पुढें जाऊं नये.

पुतण्यानें तीं वाचून अर्थ सांगितला. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या आजोळीं विहिरीपाशीं अशी ओळ कोरलेली नव्हती. सर्वांस ती पाठच असल्यामुळें कोरण्याचे श्रम कोणास पडले नाहींत. थोड्या वेळानें वहिनी म्हणाल्या, "हें यांनीं खोडून कां टाकलें नाहीं?"

"खोडलें असतें तर तुला आज कळलें असतें का, आई?"

वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं. त्या अक्षरांवरून पाय न देतां बाजूनें बाहेर आल्या.

पुढें लुआर्काच्या बाजूस डोंगरांत आरिस्तेबानोची खिंड आहे. तेथें जुलैच्या शेवटच्या रविवारीं वाकेइरोंच्या जुन्या रीतीनें एक लग्न लावतात आणि लांब दांड्याच्या तव्यावर मोठी किल्ली वाजवून गाणीं म्हणतात. आतां तेथें दूरदूरचे लोक हौसेनें जातात. आम्ही गेलों तो मे महिना होता. खिंडींत धुकें होतें, आणि धुक्यांतून गाईंच्या गळ्यांतील घंटा ऐकूं येत होत्या.