अलार्म

आमच्या कन्येने परवा जेवता जेवता विचारले, "बाबा, अलार्मला मराठीत काय म्हणतात?"

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे भाषेच्या प्रश्नाला भीत नाही. उत्तर चुकले तरी कोणी ताळेबंद मागत नाही. "गजर," मी भातावर वरण ओतत सांगितले.

"मग 'द पीपल वेअर अलार्म्ड' याचं मराठी 'लोकांचा गजर झाला' असं लिहू?"

घास घशातच अडकला. सौभाग्यवतींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्या नजरेलाच इंग्रजीत अलार्म म्हणत असावेत.

जेवणानंतर शब्दकोश काढला. शब्द मूळचा इटालियन निघाला. 'आल्लार्मे!' म्हणजे 'शस्त्रे उचला!' शत्रू आला की पहारेकऱ्याने ठोकायची ही आरोळी. फ्रेंचांच्या घरून ती इंग्रजांकडे गेली. वाटेत आरोळीचे नाम झाले. मग ती ऐकून पोटात जो गोळा उठतो त्यालाही तेच नाव पडले, आणि शेवटी घड्याळातल्या घंटीलाही. म्हणजे ओरडा, ओरडणारे यंत्र आणि ओरडा ऐकून उडालेली घाबरगुंडी, अशा तिघांचे हे जॉइंट खाते आहे. कोणाच्याही सहीने चालते.

आपण मराठी माणसांनी मात्र कमाल केली. ज्या हाकेने इटलीतले शिपाई भाले शोधत धावले, तिला आपण टाळ-मृदंगाचा शब्द दिला. इंग्रज शत्रू आला म्हणून उठणार, मराठी माणूस पांडुरंगाच्या नामाचा गजर ऐकून उठणार! प्रत्यक्षात दोघेही कूस बदलून झोपतात, ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरी वडिलांचे चावीचे घड्याळ होते. पाचचा गजर लावला की तो लावणारा सोडून सगळी आळी उठत असे. आता मोबाईल आला. सौ. साडेपाच, पावणेसहा आणि सहा असे तीन गजर लावते आणि तिन्ही झोपेतच बंद करते. सव्वासहाला तिचा स्वतःचा आवाज लागतो. तो मात्र बंद करता येत नाही.

पण अलार्मची खरी किंमत मला बँकेत कळली. कॅश काउंटरखाली पायाशी एक बटण असते. दरोडेखोर आला की ते दाबायचे. दरोडेखोर येवो न येवो, ते वाजते की नाही हे अधूनमधून तपासावे लागते. आमच्या शाखेत हे काम सोमवारी सकाळी होते. पहिल्या सोमवारी समोरचा पानठेलेवाला काठी घेऊन धावत आला. मला भरून आले. दुसऱ्या सोमवारी तो काठी न घेता आला. तिसऱ्या सोमवारी ठेल्यावरूनच मान वर करून त्याने पाहिले. आता तो चुना लावता लावता म्हणतो, "साहेब, आज पाच मिनिटं लेट झालं जी!"

याला आमच्या शास्त्रात घसारा म्हणतात. टेबलखुर्च्यांची किंमत जशी दरवर्षी उतरते, तशी अलार्मची प्रत्येक वाजण्याला उतरते. वरच्या कार्यालयातून दर तिमाहीला पत्र येते की थकबाकीची स्थिती 'अलार्मिंग' आहे. पहिले पत्र वाचून मी रात्रभर जागा होतो. आता फाईलला लावण्यापूर्वी फक्त तारीख पाहतो.

२० जुलै २०२३ ची गोष्ट. सकाळी साडेदहाचा सुमार, काउंटरवर गर्दी. एकाएकी सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळू लागले. एका बाईंनी मोबाईल पिशवीत कोंबून पिशवी लांब ठेवली. एका गृहस्थांनी "माझ्या खात्यातून पैसे गेले!" अशी बोंब ठोकली. ज्याचा साधा बटणांचा मोबाईल वाजला नाही, तो बिचारा आपल्यालाच का वगळले म्हणून खट्टू झाला. मग कोणीतरी मजकूर वाचला. सरकार आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेत होते. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा कमी. कारण मला त्याआधी तीन वर्षांपूर्वीची रात्र आठवली.

आमच्या भंडाऱ्याला वैनगंगा आहे. कारध्याच्या पुलाजवळ तिच्या पाण्याची उंची मोजतात. २४५ मीटर ही इशारा पातळी आणि २४५.५० मीटर ही धोका पातळी. इंग्रजांनी इशारा आणि भीती एका शब्दात कोंबली. आमच्याकडे मात्र दोघींमध्ये अर्धा मीटर जागा राखून ठेवली आहे. शहाण्या माणसाने या अर्ध्या मीटरात सामान आवरायचे असते.

मी शहाणा नव्हतो, सुशिक्षित होतो. २०२० चा ऑगस्ट संपत आला होता. घरी गणपती बसलेले. वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळत होता. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडले होते आणि खाली गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले होते. मोबाईलवर संदेशांवर संदेश येत होते. पण ते कोरोनाचे वर्ष. मार्चपासून रोज दहा धोक्याच्या सूचना वाचून माझ्या भीतीचा पुरता घसारा झाला होता. "अफवा आहेत," असे जाहीर करून मी मोबाईल बंद केला आणि झोपलो. वडील खालच्या खोलीत, कानातले यंत्र काढून ठेवून झोपलेले.

मध्यरात्री कधीतरी परात बडवल्याचा आवाज आला. साधी परात नव्हे, आमच्या भंडाऱ्याची पितळी परात! दारात शेजारच्या मावशी. या मावशींशी आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते. त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या नालीत येते की आमचे त्यांच्या, असा तो वाद होता. त्या रात्री दोन्ही पाणी एक होऊन गुडघ्याला लागले होते आणि त्यात उभ्या राहून मावशी ओरडत होत्या, "उठा ना जी भाऊ! नदी आली घरात! म्हाताऱ्याले वर न्या पहिले!"

खाली गेलो तेव्हा पाणी वडिलांच्या खाटेच्या पाट्यांना टेकले होते आणि ते शांत झोपले होते. त्यांना पाठीवर घेऊन जिना चढताना माझे पाय जे लटपटत होते, ते त्यांच्या वजनाने नव्हे. मागून सौ. गणपती घेऊन, त्यामागून कन्या, आणि शेवटी परात घेऊन मावशी. दरवर्षी आम्ही विसर्जनाला नदीवर जातो, त्या वर्षी नदीच घरी आली.

सकाळी गच्चीवर मावशींनी त्याच परातीत सगळ्यांना पोहे दिले. वडिलांनी यंत्र कानात घातले आणि विचारले, "रात्री काही झालं का?"

पूर्वी काशाच्या थाळीवर टोले देऊन वेळ सांगत आणि त्या थाळीलाच घड्याळ म्हणत. टोले द्यायला माणूस लागे. त्या इटालियन आरोळीमागेही कोणीतरी पहारेकरी जागा होताच. माझ्या मोबाईलमध्ये आवाज होता, मजकूर होता, फक्त जागे राहिलेले माणूस नव्हते. ते शेजारी होते आणि त्याच्याशी माझे बोलणे बंद होते.

कन्येला मी अखेर सांगितले, "घड्याळाचा तो गजर, माणसांचा तो धसका आणि मूळ शब्द म्हणजे हाक." तिने तिन्ही लिहिले. बाईंनी अर्धा गुण कापला.

पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत नालीचा वाद पुन्हा सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. सकाळी सव्वासहाला एकीकडून सौ. आणि दुसरीकडून मावशी सुरू होतात. पूर्वी मी खिडकी लावून घेत असे. आता उघडी ठेवतो. घड्याळाला चावी आहे, एवढे कळले की पुरे.