आधी चाल, मग चकाकी

जुनी सायकल घरी आली की पहिला मोह होतो तो रंगाचा. काळ्या रंगाचे उडालेले पोपडे, हँडलवरचे गंजाचे ठिपके, मडगार्डवरची पुसट सोनेरी रेघ हे सगळं डोळ्यांना खुपतं आणि पॉलिश पेपर घेऊन फ्रेम घासायला बसावंसं वाटतं. कसलंही शिक्षण नसताना घरच्या घरी हे काम शिकत गेल्यावर माझं मत याच्या उलट झालं आहे. नवशिक्याने फिरणाऱ्या भागांना मनसोक्त हात घालावा आणि नुसत्या दिसणाऱ्या भागांना शक्य तितका कमी. फिरणारे भाग झिजणार आणि बदलले जाणार हे गृहीत धरूनच सायकल बनते. तिचा पृष्ठभाग मात्र एकदाच तयार होतो.

आपल्याकडे जुनी सायकल म्हणजे बहुधा अठ्ठावीस इंची चाकांची, लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची काळी सायकल. रॅले, हर्क्युलिस, बीएसए किंवा त्यांच्याच वळणाची देशी. मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स सुरू केली, आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो आली. या सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचीच घडण चालू ठेवली, म्हणून २८ बाय दीडचा टायर, कॉटर पिन, बी.बी.चा (क्रँकमधल्या बॉटम ब्रॅकेटचा) एक्सल या वस्तू आजही सायकलच्या दुकानात मागता येतात. नवशिक्याला एवढी मोकळीक देणारं जुनं यंत्र दुसरं क्वचितच असेल. दोन-तीन गोष्टी तेवढ्या आधी माहीत हव्यात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तसेच बी.बी.च्या उजव्या कपाचेही. तिथे जोर वाढवण्यापेक्षा दिशा तपासावी. कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली भक्कम टेकू नसेल, तर घाव एक्सल आणि छर्ऱ्यांवर जातो. आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेवर बी.बी.चे आटे इंचाला २६ असतात, इतर बहुतेक इंग्रजी सायकलींवर २४; बाजारातला कप बसत नसेल तर तो पिळून बसवू नये. एवढं सांभाळलं की बाकीचं काम हात शिकवतात. जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं, बी.बी.च्या दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे भरायचे, चाकाचा कोन इतकाच आवळायचा की चाक डगमगणार नाही आणि अडणारही नाही. अंदाज हुकला तर पाना पुन्हा फिरवता येतो.

रंगाचं तसं नाही. पावडर कोटिंगला दिलेली फ्रेम आधी वाळूच्या माऱ्याखाली जाते, आणि त्यात रंगाबरोबर हाताने ओढलेल्या रेघा आणि छापील चिन्हंही जातात. वर चढणाऱ्या जाड थराने फ्रेमचा नंबर बुजतो. क्रोमियम नव्याने चढवायचं तर जुना थर उतरवून खालचं पोलाद घासावं लागतं, म्हणजे त्यावरची बारीक अक्षरं झिजतात. ही अक्षरं शोभेची नव्हेत. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बहुधा तो बनल्याच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. तो बिल्ला किंवा त्याच्या पट्टीची खूण फ्रेमवर असेल तर सायकल कुठे फिरली तेही कळतं. मूळ कागदपत्रं नसलेल्या वस्तूचं चरित्र असं तिच्या अंगावरच असतं, आणि ते वाचायची नजर नवशिक्याकडे अजून आलेली नसते. जे वाचता येत नाही ते पुसू नये, एवढंच माझं म्हणणं.

यावर पहिला आक्षेप गंजाचा: रंग दिला नाही तर लोखंड सडेल. वरवरचा गंज आणि आतून खाणारा गंज यांत फरक करायला हवा. ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तर क्रोमियमवरचे ठिपके बरेचसे निघतात, कारण तो क्रोमियमपेक्षा मऊ असतो. फ्रेमवर तेलाचा हात किंवा मेणाचा पातळ थर दिला आणि सायकल कोरड्या जागी ठेवली की गंज मंदावतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सत्तर वर्षांत सायकल दोनदा रंगवलेली असते, सीट बदललेली असते. मग मूळ रूप म्हणजे नेमकं कुठलं? हे मला मान्य आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच की एखादं साल निवडून सायकल तिथे परत नेण्याचा आग्रह फोल आहे. घरातल्या कुणी ब्रशने फासलेला हिरवा रंगही त्या चरित्राचाच भाग आहे.

पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात नव्यासारख्या उभ्या असलेल्या सायकली पाहून कुणी विचारेल, मग त्यांनी कसं केलं? जाणकाराला कुठल्या सालच्या कुठल्या मॉडेलवर कोणती रेघ होती हे ठाऊक असतं. त्याचं रंगवणं माहितीवर उभं असतं, आपलं हौसेवर. माझ्या नियमाला खरा अपवाद एकच, सुरक्षिततेचा. जोडाजवळ तडा गेलेली फ्रेम, आरपार गंजलेली रिम, भेगाळलेला टायर जुनेपणाच्या प्रेमापोटी ठेवू नये. पोलादी रिमवर पावसात ब्रेक तसेही कमी धरतात, तिथे कडक झालेलं रबर म्हणजे धोकाच. बदललेला भाग मात्र चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. हिशेबही याच क्रमाने मांडावा: पहिला पैसा टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, कॉटर पिन, छर्रे आणि ग्रीसवर. रंगासाठी बाजूला काढलेली रक्कम वर्षभर सायकल चालवून झाल्यावर मोजावी. तोवर ती खर्च करायची गरज उरली आहे का, हे सायकल चालवणाऱ्याला स्वतःच कळलेलं असतं.