वस्तऱ्याचा दगड

साताऱ्या-सांगलीकडे दगडाला तोटा नाही, पण वस्तऱ्याला लागणारा दगड इथल्या मातीतला नव्हे. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याचा कण खरबरीत, कुठे बारीक कुठे जाडा, मध्येच भोकं आणि भोकांत गारा. पाट्या-वरवंट्याला असाच दगड हवा. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून तो पुन्हा खडबडीत करून घेतात. वस्तऱ्याला नेमकं उलटं लागतं. कण इतका बारीक आणि एकजीव, की नख फिरवलं तरी कुठे अडू नये. बेल्जियमचा पिवळसर, जर्मनीतल्या थुरिंगियाचा निळसर, अमेरिकेतल्या आर्कान्सासचा पांढरा, असे काही मोजकेच दगड जगभर नावाजले गेले. आमच्या घरी ही नावं कुणी ऐकली नव्हती. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी आणि दगड एवढं असायचं, आणि बापाचा दगड मुलाकडे यायचा.

१९९० नंतर एड्सची धास्ती पसरली आणि दर गिऱ्हाईकाला नवं पातं आलं. झालं ते बरंच झालं; माझ्या दुकानातही पातंच चालतं. पण दगड धोकटीसकट माळ्यावर गेले, काही भंगारात. त्यातलाच एक दगड मला मिळाला तो सांगलीतल्या एका भंगारवाल्याकडे, गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, तेलाने काळाकुट्ट, मधे खोलगट. एका कोपऱ्यावरचा टवका उडाला होता, तिथून आतला करडा, एकसारखा रंग दिसत होता. त्या टवक्यासाठीच मी तो घेतला.

आधी तेल काढायचं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून दगड बुडवून ठेवायचा, पाणी काळं झालं की बदलायचं. उकळत्या पाण्यात टाकायची घाई करू नये. आत चीर असेल तर दगड तिथेच उकलतो. मळ निघाला की पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघायचं. पट्टीखालून जितका उजेड येतो तितका दगड खोल गेलेला. मग पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, जाड काचेवर वॉटर पेपर अंथरायचा, भरपूर पाणी सोडायचं आणि घासत बसायचं. कडेच्या रेघा लगेच जातात, मधल्या हटत नाहीत. दर थोड्या वेळाने दगड फिरवून धरायचा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडून नवाच उतार तयार होतो. मधली शेवटची रेघ गेली की दगड सपाट झाला. त्यानंतर कागद बारीक करत जायचं. शेवटी चारी कडा किंचित मोडायच्या, नाहीतर त्या धारेला लागतात.

सपाटीचा एवढा हट्ट वस्तऱ्याच्या घडणीमुळे. त्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, आणि पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, फक्त दगड सपाट लागतो. खोलगट दगडावर धारेचा मधला भाग टेकतच नाही, टोकं तेवढी झिजतात. दगडावर धार पुढे करून चालवायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे करून. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे मात्र वस्तरा देऊ नये. ठिणग्या उडतात, पातळ पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं.

जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, तो खोलगा म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यभराचा हात. तो कशाला पुसता?" बोलणं मनाला लागेल असं होतं, पण मला पटलं नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बसा. तिथला धंदा सुरू केला तो शिकलगारांनी. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंबोऱ्या-सतारीकडे वळले. घोडीवर तारांनी खाचा पाडल्या की तिथले कारागीर कानस घेऊन ती घासतात आणि जवारी नव्याने लावतात. त्या खाचांत कुणा मोठ्या गवयाचा रियाज असला तरी त्या ठेवा असं कुणी म्हणत नाही, कारण तंबोरा बोलला पाहिजे. दगडाचं तेच. ज्याने तो वापरून खोल केला, तोही हयात असता तर त्याने घासून सपाटच केला असता.

आता त्या दगडावर मी फक्त माझ्या स्वतःच्या दाढीचा वस्तरा लावतो. तेलाऐवजी पाणी वापरतो, म्हणजे रंध्रं पुन्हा बुजत नाहीत. तुमच्या माळ्यावर असा एखादा दगड निघाला तर त्यावर विळी-कोयता घासू नका. त्याला कुरुंदाचा दगड हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो.